फ्रीझरमधली हरळी

आमच्या सिंगापूरच्या, हौगांगमधल्या फ्लॅटला अंगण नाही. नवव्या मजल्यावर कसलं आलंय अंगण! दाराबाहेर सामायिक कॉरिडॉर, त्यात माझी तुळस, एक कढीलिंबाची कुंडी आणि शेजारच्या चिनी आजींचं चपलांचं कपाट. तरी दोन वर्षं या घरात गवताशिवाय दुसरा विषय नव्हता. बरं, गवत तरी कुठलं? विनिपेगचं. कॅनडातलं. हिवाळ्यात जिथे उणे पस्तीस होतं आणि पाच महिने जमीन दिसत नाही, तिथलं लॉन आमचे हे इथे बनियनवर, पंख्याखाली बसून वाढवत होते.

हे म्हणजे रघुवीर जाचक, माझे यजमान. मूळचे इंदापूरकडचे. तेहेतीस वर्षं बोटीवर, त्यातली निम्मी चीफ इंजिनिअर म्हणून. मग सहा वर्षं इथल्या पाया लेबार भागातल्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या बोटींची इंजिनं सांभाळली आणि २०१३ला निवृत्त झाले. झाले म्हणजे कागदोपत्री. पहाटे चारला उठायचं, घरभर फिरायचं, पंख्याखाली उभं राहून बेअरिंगचा आवाज ऐकायचा, बाथरूमच्या पाइपावर बोटानं टकटक करायची. “कुमुद, पंप दमलाय.” अहो, पंप दमला असेल तर बिल्डिंगवाले बघतील, तुम्ही झोपा! पण नाही. पायाला भिंगरी. कोथिंबिरीची एक जुडी आणायला बस आणि एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बदलून लिटिल इंडियात जायचे आणि जुडी विसरून परत यायचे. खाली ब्लॉकच्या बाजूला गवत कापणारे कामगार यायचे, त्यांच्यामागे हात मागे बांधून उभे राहायचे. एकदा त्यांच्या मुकादमानं यांना वरचा साहेब समजून सलाम ठोकला, तर तोही यांनी घेतला.

आणि या सगळ्या धावपळीच्या मुळाशी काय होतं ते मला माहीत होतं. यांना किमयाचा फोन हवा होता.

किमया आमची एकुलती एक. दर शनिवारी सकाळी आठला तिचा फोन येतो, तेव्हा तिच्याकडे शुक्रवारची संध्याकाळ असते. पण फोन मला. “आई, काय करतेस?” इथपासून सुरू, तासभर चालतो, आणि शेवटी, “बाबा बरे आहेत ना?” बस. “बाबांना दे” असं या मुलीनं कधी म्हटलं नाही. अगदी लहानपणी म्हणायची. बोटीवरून फोन आला की माझ्या हातातून ओढून घ्यायची. अकरा वर्षांची असताना तिला डेंग्यू झाला, तेव्हापासून थांबलं.

ते सांगायलाच हवं. १९९५ साल. आम्हाला सिंगापूरला येऊन जेमतेम सात महिने झालेले. मला धड बस कळत नव्हती. पोरीच्या प्लेटलेट्स रोज खाली खाली, हॉस्पिटलात मी एकटी. हे डर्बनच्या बंदरात. बोटीवरचा चीफ असाच सोडून येत नाही, बदलीचा माणूस यावा लागतो. आमचं बोलणं झालं होतं की त्याच आठवड्यात बदली येणार आणि हे विमान धरणार. पोरगी दर तासाला विचारायची, बाबा कधी येणार? मग यांचा फोन आला, बदलीचा माणूस पोचला नाही, अजून एक फेरी करावी लागेल. मीच तिला सांगितलं, “अगं, बाबांना बदली मिळाली नाही, ते तरी काय करणार?” तिनं भिंतीकडे तोंड केलं. पोरगी बरी झाली, हे तीन महिन्यांनी आले, मोठी बाहुली घेऊन. अकरा वर्षांच्या मुलीला बाहुली! तिनं थँक्यू म्हटलं आणि ती कपाटावर ठेवली.

पुढे ती शिकली, रुचिरशी लग्न केलं, विनिपेगला गेली, २०१४च्या शेवटी तिथे नवं घर घेतलं. आणि २०१५च्या मे महिन्यात एका शनिवारी फोनवर वैतागून म्हणाली, “आई, बर्फ वितळला तर घराभोवती नुसता चिखल आहे. या कॉलनीचा रूल आहे, दोन समरमध्ये लॉन झालंच पाहिजे. मला आणि रुचिरला काडीचं कळत नाही. तुझ्या ओळखीत कुणाला गवतातलं कळतं का?”

मी उत्तर द्यायच्या आत फोन माझ्या हातात नव्हता. “मला कळतं,” हे म्हणाले.

कपाळाला हात लावला मी. यांना गवतातलं काय कळत होतं? पण पलीकडून किमया म्हणाली, “रिअली, बाबा?” आणि यांचा चेहरा असा उजळला की माझी जीभ टाळ्याला चिकटली.

त्या दिवसापासून घरात बोट अवतरली. निळ्या पुठ्ठ्याची जाड वही आली, तिच्यावर ‘लॉग’ लिहिलं गेलं. तारीख, विनिपेगचं तापमान, मातीचं तापमान, पाऊस, शेरा. किमयाला मातीत खुपसायचा थर्मामीटर घ्यायला लावला. लायब्ररीतून पुस्तकं आणली. थंड मुलखातलं गवत वेगळं असतं, ते पेरायचा खरा मोसम ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचे पहिले दिवस, रोज शिंपडायचं नाही, आठवड्यातून एक-दोनदा खोल पाणी द्यायचं, कापताना तीन इंचांच्या खाली जायचं नाही. मला सगळं पाठ झालं. मी पोळ्या लाटत असताना हे मागून ओरडायचे, “तीन इंच, कुमुद!” पोळीला?

आणि दर शनिवारी आठला किमया माझ्याशी पाच मिनिटं बोलायची आणि म्हणायची, “बाबांना दे.” मला राग यायला हवा होता ना? मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायचे.

पण सरळ पुस्तकाप्रमाणे वागले तर ते आमचे हे कसले! ऑगस्टपर्यंत थांबायला किमया तयार नव्हती, चिखल घरात येत होता. रुचिर दोनदा घसरून पडला. तिला ताबडतोब काहीतरी हवं होतं, आणि लेक पहिल्यांदा काही मागतेय म्हटल्यावर यांना ‘थांब’ म्हणवेना. तीन दिवस येरझाऱ्या घातल्या. चौथ्या दिवशी सकाळी मांडीवर थाप मारली. “हरळी!”

हरळी म्हणजे आपल्या दूर्वा. यांचं सगळं बालपण उसाच्या रानातली हरळी खणण्यात गेलेलं. वडील कुदळीनं खणायचे, हे मागून मुळ्या वेचायचे, ढीग करून पेटवायचे, आणि पंधरा दिवसांत हरळी पुन्हा वर. नांगर फिरवा, जाळा, उन्हात वाळवा, ती काही मरत नाही. “अगं, जिला माझा बाप मारू शकला नाही, तिला विनिपेग काय मारणार?” आणि वर, “गणपतीला दूर्वाही घरच्या अंगणातल्या.” मी म्हटलं, अहो, पुस्तकात काय लिहिलंय? म्हणाले, पुस्तक लिहिणाऱ्यानं हरळी खणलीय का?

इंग्रजीत तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. किमयानं ते बी अमेरिकेतून पोस्टानं मागवलं. पाकीट आल्यावर तिनं विचारलंदेखील, “बाबा, यावर फॉर सदर्न लॉन्स लिहिलंय. नक्की ना?”

“पेर तू,” हे म्हणाले. “जबाबदारी माझी.”

जूनच्या शेवटी पेरलं. आणि काय सांगू, विनिपेगच्या उन्हाळ्यात दिवस हे एवढाले मोठे, ऊन कडक, हरळी अशी पसरली की ऑगस्टात सगळं अंगण हिरवंगार. यांची मान वर. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात अनोळखी माणसांना मोबाइल काढून दाखवायचे, “हे आमचं लॉन.” यांचे बोटीवरचे जुने सोबती निशिकांत कार्लेकर दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतात, बायको गेल्यापासून एकटेच असतात. त्यांनी तर हात जोडले. “रघ्या, पुरे. भाजीत पण गवत लागायला लागलंय.”

सप्टेंबरात गणपती आले. किमयानं फोटो पाठवला. छोटीशी मूर्ती, समोर एकवीस दूर्वांची जुडी, अंगणातली. खाली लिहिलं होतं, फ्रॉम बाबाज लॉन. हा माणूस त्या दिवशी जेवला नाही नीट. फोटो मोठा करून बघत बसला, दूर्वा मोजल्या, बरोबर एकवीस होत्या.

ऑक्टोबरात पहिल्यांदा दव गोठलं आणि आठ दिवसांत सगळं लॉन गोणपाटाच्या रंगाचं झालं. किमया घाबरली. हे म्हणाले, “झोपलीय ती. उन्हाळ्यात इंदापूरलाही झोपते, पावसात उठते.” मग बर्फ पडला आणि विषय झाकला गेला. पण यांना चैन कुठलं? रोज सकाळी उठून विनिपेगचं तापमान वहीत. उणे एकवीस. उणे अठ्ठावीस. बाहेर आपल्याकडे पहाटेपासून घाम फुटतोय आणि हा माणूस उणे तेहेतीस लिहून शहारतोय. रात्री कूस बदलायचे. मी विचारलं तर म्हणायचे, पंखा आवाज करतोय.

२०१६चा मे आला. बर्फ गेला. शेजाऱ्यांची अंगणं हिरवी झाली, आमचं गोणपाट तसंच. किमया म्हणाली, “बाबा, इट्स डेड.” हे म्हणाले, थांब, माती तापू दे. जूनमध्ये ती म्हणाली, मी बोटानं ओढलं तर मुळासकट हातात येतंय. हे म्हणाले, थांब. तण माजलं, पाऊस पडला की पुन्हा चिखल. शेवटी कॉलनीचं पत्र आलं, सप्टेंबरअखेर हिरवं लॉन दिसलं पाहिजे. त्या शनिवारी फोन स्पीकरवर होता, मी समोरच होते. पोरगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली,

“बाबा, पाकिटावर लिहिलं होतं. मी विचारलं होतं तुम्हाला. जस्ट से यू वेअर राँग, कॅन?”

हे म्हणाले, “तू पाणी जास्त घातलं असशील.”

हात मेल्या! मला तिथल्या तिथे फोन काढून घ्यावासा वाटला.  पलीकडून ती अगदी शांतपणे म्हणाली, “तुम्ही कधी चुकतच नाही ना बाबा. नेव्हर माइंड लाह.” आणि फोन ठेवला.

पुढच्या शनिवारी फोन आला तो मला. तासभर. शेवटी, “बाबा बरे आहेत ना?”

हे समोर सोफ्यावर बसले होते, हात पुढे करायच्या तयारीत. मी फोन ठेवला तसा हात मागे घेतला आणि चष्मा पुसत बसले.

मी यांना धू धू धुतलं. “पोरीनं वीस वर्षांनी तुमचं नाव घेतलं आणि तुम्ही पाणी जास्त घातलंस म्हणता? लाज नाही वाटत?” हे उठले, खाली गेले. अर्ध्या तासानं हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मातीसकट उपटलेली हरळी. इथे मैदानाच्या कडेला भरपूर उगवते. केकच्या दोन ट्रेंमध्ये सारखी सारखी लावली. एक ट्रे कॉरिडॉरमध्ये तुळशीशेजारी. दुसरा, थंडीची सवय व्हावी म्हणून, आधी आठ दिवस माझ्या फ्रिजमध्ये, कोथिंबीर आणि दह्याच्या मध्ये, आणि मग वरच्या फ्रीझरमध्ये.

“माझ्या मटारांवर गवत ठेवता?”

“दहा दिवस,” हे म्हणाले. “आपला फ्रीझर उणे अठराच आहे. विनिपेग त्याच्या दुप्पट. इथे जगली तर बोलू.”

म्हणजे अजून स्वतःला सोडवायची आशा होती बघा! दर दोन तासांनी फ्रीझर उघडायचे, त्यात काय दिसणार? कॉरिडॉरमधली हरळी मात्र ट्रेच्या काठावरून उतरून आजींच्या चपलांकडे निघाली. आजी माझ्याकडे बघून हसायच्या आणि ‘अय्या’ म्हणायच्या.

दहा दिवसांनी फ्रीझरचा ट्रे बाहेर काढला, पहिल्या ट्रेशेजारी ठेवला. तेच ऊन, तेच पाणी. मोजून चार आठवडे. हे सकाळी चारला टॉर्च घेऊन बघायला जायचे. एक कोंब नाही. एका रविवारी निशिकांतना ट्रेसमोर उभं केलं. त्यांनी बोटानं एक काडी ओढली, ती मुळासकट हातात आली, जशी किमयाच्या हातात आली होती. निशिकांत म्हणाले, “मेली रे, रघ्या.” त्या दिवशी हे मधली खोली लावून बसले. मी दार ढकललं तर निळी वही मांडीवर, पेन हातात, पान कोरं.

जुलै संपला होता. मला यांच्याच वहीतलं पाठ होतं. थंड मुलखातलं खरं गवत पेरायचं तर पंधरा ऑगस्ट ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. त्याच्या आधी ऊन जाळतं, त्याच्या नंतर गोठलेलं दव मारतं. हे तीन आठवडे गेले की वर्ष गेलं, आणि कॉलनीची मुदतही. किमयाला हे कोण सांगणार? मी सांगू शकले असते, दोन मिनिटांचं काम. मी नाही सांगितलं. मी यांना म्हटलं, “फोन करा.”

“ती करेल.”

“ती मला करेल. तुम्ही तिला करा. आयुष्यात एकदा तरी तुम्ही करा.”

आठ दिवस गेले. हे एमआरटीत बसायचे आणि शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत यायचे. मोबाइल खिशातून काढायचे, ठेवायचे. जेवताना घास हातात घेऊन घड्याळातून तेरा तास वजा करायचे, आत्ता तिथे किती वाजले. माझा जीव टांगणीला. एकदा वाटलं, या माणसाला गदागदा हलवावं.

तेरा ऑगस्ट, शनिवार. सकाळचे पावणेआठ. तिचा फोन यायला पंधरा मिनिटं. मी ओट्यापाशी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले, टेबलावर वही ठेवली, चष्मा लावला आणि स्वतः नंबर लावला. स्पीकरवर. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर.

“हॅलो आई?”

“मी बाबा.”

“आई बरी आहे ना?” पोरगी घाबरलीच. बापाचा फोन म्हणजे काहीतरी वाईट, असंच तिला वाटणार.

“आई बरी आहे. कांदा चिरतेय. तू फक्त ऐक.” आणि वाचायला लागले, बोटीवर अपघात झाला की ऑफिसला रिपोर्ट पाठवतात ना, तस्सं. “घटना, विनिपेगमधलं लॉन मेलं. कारण, उष्ण प्रदेशातलं गवत थंड प्रदेशात पेरलं. पाकिटावर इशारा होता. किमयानं तो वेळेवर दाखवला. चीफनं ऐकलं नाही. घरी फ्रीझरमध्ये चाचणी घेतली, हरळी उणे अठरालाच मेली. पाण्याचा काही संबंध नाही. चूक संपूर्ण माझी. उपाय, जुनं सगळं खरवडून काढ, मातीत खत मिसळ, पंधरा तारखेनंतर केंटकी ब्लू आणि क्रीपिंग फेस्क्यू मिसळून पेर. पाकिटावर थंड प्रदेशासाठी असं लिहिलेलं बघून घे.”

 मी सुरी खाली ठेवली. मला वाटलं, झालं, देवा, सुटलो. पण यांनी पान उलटलं.

“दुसरी घटना,” हे म्हणाले, आणि आवाज घसरला. “१९९५. डर्बन. मी तुला आणि आईला सांगितलं की बदली पोचला नाही. खोटं होतं ते. निशिकांत बदली होता. बॅग घेऊन गँगवेपाशी, बोटीच्या शिडीशी, उभा होता. मीच ऑफिसला कळवलं की इंजिनाचं काम अर्धवट आहे, मला अजून एक फेरी राहू द्या. तसं काही काम नव्हतं.”

मी ओट्याला पाठ करून यांच्याकडे बघितलं.

“मला भीती वाटली, किमू. इंजिन बिघडलं तर काय करायचं ते मला कळतं. तू आजारी होतीस. तुला काही झालं असतं तर ते उभं राहून बघायची माझ्यात ताकद नव्हती. म्हणून मी लांब राहिलो. मी यायला हवं होतं. कारण, भित्रेपणा. चूक संपूर्ण माझी.” मग वही मिटली आणि म्हणाले, “उपाय लिहिलेला नाही. मला सुचला नाही.”

 कुठेतरी तिच्याकडे कुत्रा भुंकला. मग किमया इतकंच म्हणाली, “ओके, बाबा.” आणि फोन बंद.

मी कांदा तसाच टाकला. खोलीत गेले, दार लावलं. एकवीस वर्षं! एकवीस वर्षं मी त्या पोरीला सांगत आले, बाबांचा नाइलाज होता गं. माझ्या तोंडून खोटं वदवलं या माणसानं. आणि तो निशिकांत! दर रविवारी माझ्या हातचं जेवतो, वहिनी, वरणात काय घालता हो, म्हणतो, आणि एकदासुद्धा तोंड उघडलं नाही. हॉस्पिटलातल्या त्या रात्री मला आठवल्या, एकेक. प्लेटलेट्सचा आकडा सांगायला नर्स यायची तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचे, मलाही भीती वाटायची हो. पण मी तिथे होते.

यांच्याशी मी बोलणं टाकलं. जेवण टेबलावर ठेवायचं, आत जायचं. रविवारी निशिकांत आले तेव्हा दार उघडलं आणि म्हटलं, “आज स्वयंपाक नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि समजले. मान खाली घालून लिफ्टकडे गेले. यांनी माफीसुद्धा पुन्हा मागितली नाही. फक्त येरझाऱ्या थांबल्या. पहाटे चारला उठून खुर्चीवर बसून राहायचे. ते मला जास्त लागलं. पंख्याचा आवाज ऐकत नव्हते, पाइप ठोकत नव्हते. मला वाटलं, बोलावं. पण राग जाईना.

मेलेला ट्रे अजून कॉरिडॉरमध्येच होता. मी उचलून कचऱ्यात टाकायला निघाले आणि परत ठेवला. का, ते मला सांगता येणार नाही.

वीस तारीख, शनिवार. आठ वाजले. फोन वाजला नाही. सव्वाआठ. हे खुर्चीत, हात मांडीवर. मी आत-बाहेर, आत-बाहेर, आता माझ्याच पायाला भिंगरी. आठ पंचवीसला वाजला. मी झडप घातली.

“हॅलो, किमया?”

मागे वाऱ्याचा आवाज येत होता, ती बाहेर उभी होती. “आई,” ती म्हणाली. नाक चोंदलेलं. “सॉरी, लेट झाला. आम्ही सगळं खरवडून काढलं. रुचिर बी घेऊन उभा आहे. थंड प्रदेशासाठी लिहिलंय, मी दोनदा वाचलं.” मग म्हणाली, “आई, पेरताना मला सांगायला कुणीतरी हवंय. बाबांना दे ना.”

मी यांच्याकडे वळले. हा माणूस खुर्चीतून उठलासुद्धा नाही. मान हलवून नको नको करायला लागला, डोळे भरलेले. परत तेच! पुन्हा लांब राहायचं.

आठ दिवस मी यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. फोन यांच्या छातीवर टेकवला आणि म्हटलं, “घ्या. या वेळी बदली मिळणार नाही.”

यांनी घेतला.